विकासक, छायाचित्रणातील

छायाचित्रणाच्या काचपट्टीवर अथवा फिल्मवर प्रकाश पडल्याने तयार झालेली अदृश्य प्रतिमा ज्या रासायनिक द्रव्याच्या योगाने दृश्य स्वरूपात येते, त्या द्रव्याला विकासक व या क्रियेला विकासन म्हणतात. व्यवहारात विकासकाला डेव्हलपर हेच नाव रूढ आहे. विकासक हे सर्वसाधारणपणे सौम्य क्षपणकारक पदार्थ असून सिल्व्हर ब्रोमाइडासारख्या लवणातील चांदीच्या आयनांना ते इलेक्ट्रॉन पुरवितात व त्यांचे धातुरूप चांदीत रूपांतर करतात. ही चांदी अतिशय सूक्ष्म कणांच्या स्वरूपात असल्यामुळे चकचकीत न दिसता काळी दिसते.

चांदीच्या लवणाचे क्षपण करणारे पदार्थ पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी फारच थोडे विकासक म्हणून उपयोगी पडतात. पदार्थ फार प्रबळ असल्यास प्रकाश पडलेल्या व न पडलेल्या अशा सर्व कणांचे तो सारखेच क्षपण करतो व सबंध पट्टी काळी होते. तो फार दुर्बल असल्यास काहीच घडत नाही. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात विकासकाचे स्थान आहे. येथे हे ध्यानात ठेवले पाहिजे की, प्रकाश पडलेला कण व न पडलेला कण यांत विकासक जो भेद करतो तो केवळ वेगाचा भेद होय. पुरेसा वेळ दिल्यास कोणताही विकासक न उद्भासित (प्रकाश न पडलेल्या) कणांचेही क्षपण करू लागतो व प्रतिमेवर धूसरता येते. म्हणून विकासन योग्य क्षणी थांबविणे हा या तंत्राचा गाभा आहे. विकासकांचा इतिहास हा मुख्यतः हा वेगाचा भेद अधिकाधिक स्पष्ट व विश्वासार्ह करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

सुप्त प्रतिमा : सुग्राही पायसातील प्रत्येक कण हा सिल्व्हर हॅलाइडाचा लहानसा स्फटिक असतो. सु. १ मायक्रॉन (मिमी.चा हजारावा भाग) बाजू असलेल्या घनाकृती सिल्व्हर ब्रोमाइड स्फटिकात सु. २,००० कोटी चांदीचे आयन असतात. उद्भासनात त्यांपैकी मोजक्याच आयनांचे चांदीच्या अणूंत रूपांतर होते. रॉनल्ड विल्फ्रेड गर्नी व नेव्हिल फ्रान्सिस मॉट यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार हे अणू स्फटिकाच्या एखाद्या दोषस्थानी एकत्र जमतात. तीन-चार अणूंचा असा पुंजका तयार झाला की, तो कण विकासनक्षम होतो. विकासकाकडून येणारे इलेक्ट्रॉन या पुंजक्यावाटे स्फटिकात शिरतात, पुंजका वाढत जातो व अखेर संपूर्ण कण चांदीचा होतो. प्रकाशाने केलेले काम अशा रीतीने अब्जावधी पटींनी वाढविले जाते. ही वाढ उपलब्ध नसती, तर प्रत्येक चित्राकरिता तासन्‌तास उद्भासन द्यावे लागले असते आणि चालत्या माणसाचे छायाचित्र ही अशक्य कोटीतील गोष्ट ठरली असती.

प्रारंभीचे विकासक : फ्रान्समधील ल्वी झाक मांदे दागेअर यांच्या पद्धतीची माहिती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनाची वाफ देऊन सिल्व्हर आयोडाइडाचा पातळ थर तयार करीत व उद्भासनानंतर तो पत्रा बंद पेटीत तापविलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरीत. प्रकाश पडलेल्या जागी पारा चांदीशी संयोग पावून पांढुरके पारदमेल तयार होई व तेवढाच भाग उजळ दिसे. फुटलेल्या तापमापकातील पाऱ्यामुळे दागेअर यांना हा शोध अपघाताने लागला, अशी कथा पुष्कळ ठिकाणी दिलेली आढळते. परंतु ती विश्वसनीय मानण्यास आधार नाही. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ही पद्धत अपायकारक होती. शिवाय तीत एका उद्भासनापासून एकच चित्र मिळे.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी सप्टेंबर १८४० मध्ये गॅलिक अम्लाचा उपयोग शोधून काढला. हे अम्ल मायफळात असते व त्याचा लोहाच्या लवणांबरोबर शाई करण्यासाठी पूर्वापार उपयोग होत आला आहे. जोसेफ बँक्रॉफ्ट रीड यांनी त्याआधीच मायफळाचा अर्क सुग्राही कागदावर वापरला होता. परंतु कागदावर काहीही दिसत नसताना त्यात प्रतिमा दडलेली असते व ती नंतर बाहेर काढता येते, याचे पूर्ण महत्त्व ओळखून त्यावर पद्धत उभारण्याचे श्रेय टॅल्बट यांना दिले पाहिजे. गॅलिक अम्ल, सिल्व्हर नायट्रेट व ॲसिटिक अम्ल यांच्या मिश्रणाने ते कागदाचे विकासन करीत. यामुळे कॅमेऱ्यातील उद्भासन तासाऐवजी काही मिनिटांवर आले. कॅलोटाइप नावाच्या या पद्धतीचे एकस्व (पेटंट) त्यांनी १८४१ मध्ये घेतले. तीत मिळणाऱ्या व्यस्त प्रतीवरून हव्या तेवढ्या सम प्रती काढता येत असल्याने पुढील सर्व छायाचित्रणाचा पाया तिने घातला.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी मार्च १८५१ मध्ये ओल्या कोलोडियन पट्टीची कृती प्रसिद्ध केली. तीत प्रथम पायरोगॅलॉल (गॅलिक अम्ल तापवून मिळणारा पदार्थ) व पुढे मुख्यतः फेरस सल्फेट हे विकासक वापरले गेले. फेरस सल्फेट म्हणजे रंगारी व शाई करणारे वापरीत असलेला नेहमीचा हिराकसच होय. तो पाण्यात विरघळवून त्यात ॲसिटिक अम्ल व थोडे अल्कोहॉल मिसळीत. अम्लामुळे क्रियेचा वेग आटोक्यात राही व अल्कोहॉलामुळे विद्राव पट्टीवर सारखा पसरे. विद्राव एका झटक्यात सबंध पट्टीवर ओतावा लागे. हात किंचित थांबला तरी त्या ठिकाणी कायमची रेघ उमटे. काही सेकंदांतच प्रतिमा प्रकट होई व पाणी ओतून क्रिया थांबवीत.

भौतिक व रासायनिक विकासन : कॅलोटाइप व ओली पट्टी यांतील विकासन आणि नंतरच्या शुष्क पट्टीतील विकासन यांत मूलभूत फरक आहे व तो न समजल्यास जुन्या कृती निरर्थक वाटतात. ओल्या पट्टीवर सिल्व्हर नायट्रेटाचा विद्राव शिल्लक असे. विकासक त्यातील चांदी मुक्त करी व ही चांदी सुप्त प्रतिमेच्या पुंजक्यांवर येऊन बसे. प्रतिमा घडविणारी चांदी अशा रीतीने बाहेरून येत असल्याने या प्रकाराला भौतिक विकासन असे नाव पडले. वस्तुतः तेही रासायनिक क्षपणच आहे, तेव्हा हे नाव फारसे समर्पक नाही. पट्टी वाळली की, सिल्व्हर नायट्रेटाचे स्फटिक बनून ती निरुपयोगी होई. त्यामुळे पट्टी तयार करणे, उद्भासन व विकासन ही तिन्ही कामे काही मिनिटांत व एकाच जागी उरकावी लागत. सॅम्युएल बोर्न यांनी १८६० नंतरच्या दशकात हिमालयात छायाचित्रे घेतली तेव्हा काचपट्ट्या, रसायनांच्या बाटल्या व अंधारा तंबू वाहून नेण्यासाठी हमालांचा मोठा तांडा बरोबर न्यावा लागला. त्या चित्रांच्या मागे या अनामिक हमालांचे श्रम आहेत व ते श्रम विकासनाच्या या एका अटीमुळे अपरिहार्य झाले होते.

रासायनिक विकासनात चांदी बाहेरून येत नाही. उद्भासित कणातील लवणाचेच जागच्या जागी क्षपण होते. यासाठी विकासक क्षारीय असावा लागतो. मेजर चार्ल्स रसेल यांनी १८६२ मध्ये टॅनीन लावलेल्या कोरड्या पट्ट्यांसाठी पायरोगॅलॉलाचा क्षारीय विद्राव वापरून दाखविला व अनुद्भासित कणांचे रक्षण करण्यासाठी त्यात विद्राव्य ब्रोमाइड मिसळले. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटीन पायसाची कृती सुचविली आणि चार्ल्स बेनेट यांनी १८७८ मध्ये ते पायस उबदार ठेवून त्याची सुग्राहिता पुष्कळ वाढविता येते असे दाखविले. त्यानंतर कारखान्यात तयार केलेली कोरडी पट्टी महिनोन्‌महिने ठेवणे, हवी तेव्हा वापरणे व सवडीने विकसित करणे शक्य झाले. उद्भासन सेकंदाच्या अंशावर आले व कॅमेरा हातात धरता येऊ लागला. याचे श्रेय सामान्यतः जिलेटिनाला दिले जाते. परंतु क्षारीय विकासकावाचून जिलेटिनाची ही सुग्राहिता उपयोगात आणता आली नसती.

दोन्ही प्रकारांतील चांदीची ठेवणही वेगळी असते. भौतिक विकासनातील कण बारीक व गोलसर असतात. रासायनिक विकासनात चांदीचे तंतू बाहेर पडून त्यांचा गुंता बनतो, असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. प्रतिमेचे बीज धातुरूप चांदीचे असते, याचा एक जुना पुरावा असा की, उद्भासित पट्टी आधी हायपोत बुडवून तिच्यातील सर्व सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकले आणि मग ती सिल्व्हर नायट्रेटयुक्त भौतिक विकासकात ठेवली, तरीही प्रतिमा प्रकट होते.

कार्बनी विकासक : शुष्क पट्टीच्या प्रसाराबरोबर नव्या विकासकांचा शोध झपाट्याने सुरू झाला. मॅथ्यू केअरी ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये फेरस ऑक्झॅलेट पुढे आणले. ते प्रतिमेला स्वच्छ काळा रंग देत असे. विल्यम ॲब्नी यांनी १८८० मध्ये हायड्रोक्विनोनाचा उपयोग दाखविला. मोम्मे आंद्रेसेन यांनी १८८८ मध्ये पॅरा-ॲमिनोफिनॉलाचे गुणधर्म ओळखले. त्याच्या संहत विद्रावाची रोडिनल या नावाने १८९१ पासून विक्री होऊ लागली. त्याच वर्षी मेटॉल व अमिडॉल हे विकासकही पुढे आले. यांपैकी बरेच पदार्थ जर्मनीतील रंजकद्रव्यांच्या उद्योगातून निघालेले होते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) जर्मन माल बंद झाल्याने इतर देशांत मेटॉलची तीव्र टंचाई झाली आणि ब्रिटन व अमेरिकेत त्याचे उत्पादन घाईने सुरू करावे लागले.

बेंझीन वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट किंवा एक हायड्रॉक्सिल व एक ॲमिनो गट किंवा दोन ॲमिनो गट असून ते परस्परांच्या ऑर्थो वा पॅरा स्थानी असतील, तर तो पदार्थ विकासक असतो, हा नियम आंद्रेसेन आणि ल्युम्येअर बंधू यांनी मांडला. मेटा स्थानी हेच गट असलेले रिसॉर्सिनॉल विकासक म्हणून निरुपयोगी आहे, ही गोष्ट या नियमाशी जुळते. क्रियेत हायड्रोक्विनोनाचे क्विनोन बनते व त्याबरोबर ब्रोमाइड आणि हायड्रोजन आयन विद्रावात येतात. म्हणूनच वापरात असलेला विकासक हळूहळू मंद होत जातो.

विकासक-विद्रावाची घटना : प्रत्यक्ष वापरातील विद्रावात विकासक द्रव्याशिवाय आणखी तीन घटक असतात. क्षारीय पदार्थ क्रियेचा वेग वाढवितो. त्यासाठी गरजेप्रमाणे टाकणखार (बोरॅक्स), धुण्याचा सोडा अथवा दाहक सोडा घेतात. पोटॅशियम ब्रोमाइड हे निरोधकाचे काम करते. तिसरा घटक सोडियम सल्फाइट असून त्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. पायरोगॅलॉलाचा क्षारीय विद्राव हवेतील ऑक्सिजन इतक्या त्वरेने शोषतो की, तो काही मिनिटांतच तपकिरी होतो. हर्बर्ट बर्कली यांनी १८८२ मध्ये सल्फाइट मिसळून हा दोष काबूत आणला. सल्फाइट ऑक्सिडीकरणास विरोध करते, तसेच तयार होणाऱ्या क्विनोनाशी संयोग पावून त्याचे रंगहीन सल्फोनेटात रूपांतर करते. विकासक बाटलीत भरून दुकानात ठेवता येऊ लागला तो या साध्या लवणामुळे.

मेटॉल मंद क्षारीय विद्रावातही लवकर क्रिया सुरू करते. परंतु गडद भाग भरण्यास त्याला वेळ लागतो. हायड्रोक्विनोन उशिरा सुरू होते, पण पुढे जोमाने काम करते. मात्र तापमान सु. १२° से.च्या खाली गेल्यास ते जवळजवळ निष्क्रिय होते. दोन्ही एकत्र केल्यास त्यांचा परिणाम स्वतंत्र परिणामांच्या बेरजेपेक्षा अधिक होतो. हायड्रोक्विनोन ऑक्सिडीकृत मेटॉल पुन्हा मूळ रूपात आणते, हे त्याचे कारण होय. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२७ मध्ये चलचित्रपटाच्या फिल्मसाठी तयार केलेला डी-७६ हा या जोडीचा सर्वपरिचित विद्राव आहे. त्यात १ लि. पाण्यात मेटॉल २ ग्रॅ., सोडियम सल्फाइट १०० ग्रॅ., हायड्रोक्विनोन ५ ग्रॅ. व टाकणखार २ ग्रॅ. असतो. सल्फाइटाचे एवढे मोठे प्रमाण कणांच्या कडा किंचित विरघळवते व त्यामुळे प्रतिमा बारीक कणांची दिसते. जे. डी. केंडल यांनी १९४० मध्ये शोधलेले फेनिडोन मेटॉलची जागा अल्प प्रमाणात घेऊ शकते व मेटॉलमुळे ज्यांच्या हातांना त्वचाशोथ होतो त्यांना ते सोयीचे पडते. रंगीत छायाचित्रणात पॅरा-फिनिलीन डायअमाइनाची अनुजाते वापरतात. त्यांच्या ऑक्सिडीकृत रूपापासूनच पायसात रंजक तयार होतो. ही कल्पना रूडॉल्फ फिशर यांनी १९१२ मध्ये मांडली होती.

विकासनाचे नियंत्रण : एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार पट्टी थाळीत ठेवून तांबड्या प्रकाशात तिच्याकडे पाहत विकासन करी व प्रतिमेच्या रूपानुसार विद्रावात सोड्याचा किंवा ब्रोमाइडाचा थेंब वाढवी. छायाप्रकाशाचे परस्परप्रमाण अशा रीतीने आपल्या मर्जीप्रमाणे बदलता येते, अशी त्याची समजूत होती. फेर्डिनांट हुर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड या इंग्लंडमधील क्षार-उद्योगात काम करणाऱ्या दोघा रसायनतज्ञांनी १८९० मध्ये पट्टीवरील घनता मोजून या समजुतीला हादरा दिला. विकासनकाल वाढविल्यास सबंध चित्राचा विरोधाभास वाढतो. पण निरनिराळ्या भागांच्या घनतांचे गुणोत्तर उद्भासनानेच ठरलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. छायाचित्रण ही कला मानणाऱ्यांना हे रुचले नाही व त्यावर बराच वाद झाला. कार्बनी विकासक व ब्रोमाइड यांच्या बाबतीत हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, असे पुढे दिसून आले; परंतु त्यांनी काढलेला घनता व उद्भासन यांचा वक्र आजही या शास्त्राचा आधार आहे.

ॲल्फ्रेड वॉटकिन्स यांनी प्रतिमेची पहिली खूण दिसण्यास लागणाऱ्या काळाला ठराविक अंकाने गुणून एकूण विकासनकाल काढण्याची सोपी रीत रूढ केली. हा गुणक हायड्रोक्विनोनासाठी सु. ५, तर मेटॉलसाठी सु. ३० असतो; वर सांगितलेला या दोन द्रव्यांच्या स्वभावातील फरक त्यातून नेमका व्यक्त होतो. सर्व रंगांना सुग्राही असलेली पट्टी व फिल्म प्रचारात आल्यावर तांबडा दिवाही वर्ज्य ठरला आणि संपूर्ण अंधारात, बंद टाकीत, तापमान व काळ यांच्या कोष्टकानुसार विकासन होऊ लागले.

उष्ण हवामान : यूरोपीय कृतींत विद्रावाचे तापमान १८° ते २०° से. धरलेले असते. भारतातील उन्हाळ्यात नळाचे पाणीच याहून बरेच गरम असते. गरम क्षारीय विद्रावात जिलेटीन फुगते व मऊ पडते. काचपट्टीच्या कडेने ते झालरीसारखे सुटते व ३०° से.च्या आसपास अकठिणित थर ओघळूही लागतो. गरम विद्रावातून पट्टी एकदम थंड पाण्यात नेल्यास थरावर जाळीदार सुरकुत्या पडतात. यावर बर्फ वापरणे, पहाटे काम करणे, क्रोम तुरटीने थर कठीण करणे आणि विद्रावात सोडियम सल्फेट मिसळून जिलेटिनाचे फुगणे रोखणे हे उपाय केले जात. तापमान वाढले की, क्रियेचा वेगही वाढत असल्याने परदेशी कोष्टके येथे तशीच्या तशी लागू पडत नसत.

मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले तेव्हा ती फिल्म विकासनासाठी लंडनला पाठवावी लागली. धुंडिराज गोविंद फाळके यांनी *राजा हरिश्चंद्र* (१९१३) या चित्रपटाचे विकासन मात्र स्वतःच्या घरी केले. दिवसा चित्रण व रात्री विकासन असा क्रम असे. रसायने मिसळणे, फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे व फिल्म धुणे या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा मोठा होता. चित्रपटाची लांबी सु. ३,७०० फूट (सु. १,१२८ मी.) होती, शिवाय कॅमेऱ्यातील व्यस्त प्रत आणि पडद्यावर दाखविण्याची सम प्रत या दोहोंचे विकासन करावे लागे, हे लक्षात घेतल्यास या गृहप्रयोगशाळेतील कामाचा अंदाज येतो. भारतात चित्रपटनिर्मिती उभी राहण्यासाठी कॅमेऱ्याइतकीच विकासनाची विद्याही येथे येणे आवश्यक होते. चित्रपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच होतो.

जुन्या पट्ट्यांवरील खुणा : पायरोगॅलॉलाचे ऑक्सिडीकृत पदार्थ जिलेटिनाला पिवळा वा तपकिरी रंग देतात व त्याला कमावलेल्या चामड्यासारखे कठीण करतात. सल्फाइट कमी असल्यास हा रंग अधिक चढतो. त्या काळच्या छायाचित्रकारांची बोटेही याच कारणाने काळपट तपकिरी असत. हा रंग पट्टीवर सर्वत्र सारखा बसत नाही. जेथे चांदी अधिक तेथे तो अधिक असतो. छपाईचा कागद केवळ निळ्या प्रकाशाला सुग्राही असल्याने पिवळा रंग त्याच्या दृष्टीने घनतेचेच काम करी. अशी पट्टी डोळ्यांना फिकट वाटली, तरी तिच्यावरून भरदार प्रत निघे.

संग्रहालयांतील व जुन्या छायाचित्रालयांतील पट्ट्या हाताळताना याचे महत्त्व फार आहे. पिवळेपणा म्हणजे मळ किंवा वयोमानाचा दोष समजून तो रसायनांनी काढल्यास प्रतिमेचा एक भाग नष्ट होतो व तो परत मिळविता येत नाही. संगणकीय प्रत घेताना केवळ करड्या छटांत नोंद केल्यास हा भाग अंशतः निसटतो. म्हणून अशा पट्टीची नोंद रंगीत करून तिच्यातील निळ्या प्रकाशाचे चित्र स्वतंत्रपणे पाहणे इष्ट असते. उलट, हिराकसाने विकसित केलेल्या कोलोडियन पट्टीची चांदी परावर्तित प्रकाशात मलईसारखी फिकट दिसते व काळ्या पार्श्वभूमीवर ठेवल्यास व्यस्त प्रत सम भासते. काचेमागे काळे कापड वा रोगण लावून केलेली ॲम्ब्रोटाइप चित्रे याच गुणावर आधारलेली आहेत. त्यांच्या मागील रोगण सुटू लागल्यास चित्र विरल्यासारखे दिसते, परंतु प्रतिमा शाबूत असते. अशा वेळी मागे काळा कागद धरून पाहिल्यास ती पूर्ववत दिसते.